जोतीराम रशीदासाठी उठतो

भिगवणच्या मुक्ताबाईला कधी कुणाच्या सोन्याचा हेवा वाटला नाही, कुणाच्या सुनेचाही नाही. पण साठी उलटल्यावर शेजारच्या रशीदाचा वाटला, आणि असा वाटला की तिला जेवण गोड लागेना.

कारण तिचा मुलगा, जोतीराम. चौतीस वर्षांचा. नऊ वर्षांपूर्वी त्याला भिंतीतून माणसं बोललेली ऐकू यायची. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, गोळ्यांनी आवाज थांबले, पण जोतीरामही थांबला. खाटेवर पडला की पडलाच. भूक लागली तरी मागायचा नाही. भावकी म्हणायची, फुकटचं खाऊन सुस्तावलाय. मुक्ताबाई कुणाच्या तोंडी लागायची नाही. ती त्याच्या अंगावर पाणी ओतायची, घास मोडून हातात द्यायची. आईनं नाही करायचं तर कुणी?

यंदा बारामतीच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी तासभर चौकशी केली. उदास वाटतं का, झोप कशी आहे, गोळीनं गुंगी येते का. एक गोळी कमी केली आणि म्हणाल्या, "मावशी, हा आळस नाही. आजारानं त्याची उमेदच खाल्लीय. रागावू नका, पण सगळं हातातही देऊ नका. रोज ठरल्या वेळी एकच छोटं काम सांगा, आणि तो करेपर्यंत थांबा."

मुक्ताबाईनं घरी येऊन त्याला तांब्या उचलायला सांगितला, दोन मिनिटं वाट पाहिली आणि स्वतःच उचलला.

थांबली ती रशीदा. स्टेशनच्या रस्त्याला तिचं मासळीचं दुकान. डॉक्टरांचं बोलणं तिला मुक्ताबाईनंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आठला तिनं दारातून हाक मारली, "जोतीभाऊ, एक क्रेट धुवायचाय." तो दहाला उठून गेला. महिनाभरात आठला जाऊ लागला. चिलापी माशांचे क्रेट धुवायचा, वर बर्फ पसरायचा. एके दिवशी रशीदा सांगत आली, "मावशी, आज हसला वो त्यो."

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं न्हाऊ-माखू घातलं मी, आणि हसला हिच्यापुढं!

निमित्त तिनं गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं केलं. "आपण माळकरी. मासळीचा वास घरात नको. उद्यापास्नं जायचं न्हाय." जोतीराम पुन्हा खाटेवर आडवा झाला. आठवडाभरात दाढी वाढली. तिनं हातात दिलेला घास हातातच सुकला. नऊ वर्षं ती हेच बघत आली होती, पण मध्ये महिनाभर तिनं त्याला चालताना पाहिलं होतं. आता तिला ते बघवेना.

नाकाला पदर लावून ती रशीदाच्या दुकानात गेली. "काय करतीस गं तू त्याला?"

"काय बी न्हाय. हाक मारती नि आपल्या कामाला लागती. न्हाय आला तर क्रेट तसाच ऱ्हातो. वास सुटतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं, पन मी हात लावत न्हाय."

"दया येत न्हाय तुला?"

"येती की, मावशी. पन त्याला जमतंय."

मुक्ताबाईला रशीदाचा राग आला, कारण बाई खरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी आठला ती खाटेशी गेली. "जोतीराम, रशीदाकडं क्रेट पडल्यात." एवढं म्हणून उंबऱ्यावर बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. नऊ वाजले. पाणी तापून निवलं. उठून त्याला धरावं असं तिला दहादा वाटलं. साडेनवाला जोतीराम उठला, स्वतःच अंगावर पाणी घेतलं, चपला घातल्या. तिच्यापाशी येऊन थांबला.

"आई, उद्या आठला उठव मला."

नऊ वर्षांत त्यानं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही रशीदाकडं जाण्यासाठी. मुक्ताबाईनं मान वर केली नाही.

"हाक मारीन," ती म्हणाली. "उठायचं तुझं तू."