खिडकीकाकूंचा तळ्यातला नवरा

भूत असतं तर परवडलं असतं, असं खिडकीकाकू म्हणायच्या. भूत येतं, घाबरवतं, निघून जातं. त्यांचा नवरा यातलं काहीच करत नव्हता. तो नुसता होता. धक्क्यावरून दिसणाऱ्या त्या उभ्या कड्याखाली, जिथं पाणी निळ्याचं काळं होतं, तिथं तळाशी. आणि हे त्यांना कोणी स्वप्नात येऊन सांगितलेलं नव्हतं. ते बोटीवरच्या स्पीकरमधून, उन्हाळाभर, प्रत्येक फेरीला सांगितलं जायचं. पाण्यावरून आवाज लांब जातो. काकूंच्या तिकिटाच्या खिडकीत तर अगदी स्वच्छ यायचा.

"आता सर्वांनी डावीकडच्या कठड्याशी यावं. या कड्याखाली सरोवर सर्वांत खोल आहे. तळाचं पाणी इतकं गार, की तिथं काहीही नासत नाही. फार वर्षांपूर्वी बुडालेला एक तरुण आजही तिथं आहे. जसाच्या तसा. एक केसही पिकलेला नाही."

मग बोटीचं इंजिन बंद व्हायचं. शांतता. त्या शांततेत लोक खाली बघत असणार, हे काकूंना खिडकीत बसून कळायचं. मग भोंगा वाजायचा, आणि त्या पुढच्या गिऱ्हाइकाला विचारायच्या, "किती जण?"

आवाज त्यांच्या दिराचा होता. बुडाला तो त्याचा सख्खा थोरला भाऊ. पहिल्या वर्षी दिराने ते वाक्य रडत रडत म्हटलं होतं. दुसऱ्या वर्षी रडू आलं नाही, पण लोकांना आवडलेलं त्याच्या लक्षात आलं होतं. मग त्यात एकेक भर पडत गेली. भाऊ बोटी दुरुस्त करणारा साधा मिस्त्री होता, त्याचा आधी खलाशी झाला, मग कप्तान. मोसम संपता संपता धक्क्यावरून सुटून गेलेली एक रिकामी होडी आणायला तो गेला होता. पुढे ती होडी रिकामी राहिली नाही, तिच्यात एक बुडणारी मुलगी आली. काकूंनी एकदाच टोकलं होतं.

"भावोजी, ती मुलगी कोण?"

"वहिनी, रिकाम्या होडीसाठी जीव दिला म्हटलं तर लोक हसतील हो."

हेही खरंच होतं. होडी दुसऱ्या दिवशी काठाला लागली, आत त्याचा डबा होता. तो नव्हता. हे तळं माणूस परत वर पाठवत नाही, पाणी फार थंड आहे, हे इथं जन्मलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. काकूंचा मुलगा तेव्हा भिंतीला धरून चालत होता. बोट कंपनीने काकूंना तिकिटाची खिडकी दिली आणि खिडकीच्या वर दोन खोल्या. नळाला पाणी तळ्याचंच येई. आधी काकूंना ते घशाखाली उतरेना. मग त्या उकळून प्यायला लागल्या. मग नुसतं. माणूस कशालाही सरावतं, ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

एका गोष्टीला मात्र त्या सरावल्या नव्हत्या. सुरुवातीला त्या त्याची बायको होत्या. मग त्याच्याहून मोठ्या झाल्या, ताईसारख्या. आता केस पांढरे, गुडघे कुरकुरतात, वरचे दोन दात काढलेले, आणि खाली तो तसाच, एक केसही न पिकलेला. भावोजी हे दिवसभर बजावून सांगायचे. मोसमात धुकं उतरलं की काकू वरच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या. तो येईल म्हणून नव्हे. तो बघेल म्हणून.

बाकी बाई खणखणीत. खिडकीत सगळ्या फेऱ्याचं एकच तिकीट मिळायचं, त्यात बोट, तळ्याभोवतीच्या तिन्ही गावांतून फिरणारी बस आणि दोन उद्यानं.

"काकू, धबधब्याचं उद्यान बघण्यासारखं आहे का हो?"

"पाणी पडतं. पडणारं पाणी बघायला आवडत असेल तर जा."

"आणि वरची बाग?"

"चढ आहे. वर गेलं की खालचं दिसतं."

लोकांना वाटे काकू विनोदी आहेत. खरी गोष्ट अशी, की नवरा गेल्यावर त्या त्या फेऱ्याला कधी गेल्याच नव्हत्या, आणि बोटीवर तर पाऊलही ठेवलं नव्हतं. बोट आता त्यांचा मुलगा चालवत होता.

त्या मोसमात पाणबुड्यांचं एक पथक आलं. तळ्यात जुनी आगबोट बुडालेली होती, ती शोधून धबधब्याच्या उद्यानात मांडायची होती. दोरखंडाला बांधलेला कॅमेरा दिवसभर खाली सोडायचे. आगबोट सापडली नाही.

पथकाचा प्रमुख खिडकीशी आला तेव्हा मागे रांग होती. जाडसर, हळू बोलणारा माणूस. त्याने टोपी काढली.

"काकू, खिडकी जरा बंद करता?"

"रांग दिसत नाही का?"

"दिसतेय. तरी करा."

काकूंनी फळी ओढली. त्या अर्ध्या अंधारात तो म्हणाला, "कड्याखाली पाण्यात एक कपार आहे. तिथं एक जण आहे. निळा स्वेटर."

"हिरवा," काकू म्हणाल्या. "पाण्यात निळा दिसत असेल."

त्याने खिशात हात घातला. मग म्हणाला, "फोटो आहे. बघायचा?"

"नको."

"वर आणायचं की राहू द्यायचं, ते घरच्यांनी सांगायचं. या आठवड्याच्या शेवटी आमचं सामान निघणार. परत एवढी यंत्रं इथं कधी येतील, सांगता येत नाही."

त्या संध्याकाळी वरच्या खोलीत तिघं जेवायला बसली. काकू, मुलगा आणि भावोजी. जेवलं कोणीच नाही.

"आणायचं," मुलगा म्हणाला. "यात विचार काय करायचाय?"

"इतकी वर्षं तिथं नीट आहे," काकू म्हणाल्या. "कशाला हलवायचं?"

"नीट आहे? आई, ती काय कपाटात ठेवलेली शाल आहे?"

भावोजींनी घसा साफ केला. "माझं म्हणणं एवढंच, की मग मी त्या जागी बोलायचं काय? 'इथं एक जण होता, आता नाही'? लोक पैसे परत मागतील."

"काका, तुम्ही गप्प बसा."

"गप्प कसा बसू? आयुष्यभर मी त्याला जिवंत ठेवलाय!"

"मेलेला ठेवलाय, भावोजी," काकू म्हणाल्या. "जिवंत ठेवला असता तर कधीतरी म्हातारा झाला असता."

मुलगा ताट सरकवून उठला. आता तो बापापेक्षा वयाने मोठा होता. कपाळावरून केस मागे हटायला लागले होते.

"तू त्यांना बघितलंयस. त्यांचा आवाज ऐकलायस. माझ्याकडे काय आहे? काकांची वाक्यं. त्यातली निम्मी खोटी, आणि कुठली निम्मी ते मला माहीत नाही."

"विचार ना मग मला."

"लहानपणी विचारलं होतं. तू म्हणालीस, माणसासारखा माणूस होता, जेव आता."

काकूंनी भांडी उचलली. नको म्हणण्याचं खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नसतं, कारण ते लाजिरवाणं होतं. तो कसा दिसेल याची भीती त्यांना नव्हतीच. त्या कशा दिसतील याची होती. डोळे उघडून त्याने वर बघितलं तर म्हणेल, ही म्हातारी कोण? आमच्या आईच्या ओळखीची का?

सकाळी त्यांनी खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावली, स्वतःसाठी एक फेऱ्याचं तिकीट फाडलं आणि बसमध्ये जाऊन बसल्या. कुठं जायचं होतं असं नाही. घरात राहवत नव्हतं, एवढंच.

बस तळ्याच्या कडेकडेने जात होती. दुसऱ्या गावात थांबली तेव्हा समोरच्या दुकानात कपबशा मांडल्या होत्या. प्रत्येक कपावर कप्तानाची टोपी घातलेला, झुपकेदार मिशीचा एक तरुण. काकूंच्या नवऱ्याला मिशी धड फुटलीसुद्धा नव्हती. काकूंनी एक कप उचलला, उलटा करून किंमत बघितली आणि परत ठेवला.

शेजारी बसलेली बाई बोलकी निघाली.

"तुम्ही पहिल्यांदाच आलात का इथं?"

"जवळजवळ."

"मग तुम्हाला माहीत नसेल. या तळ्यात एक माणूस आहे म्हणे. अजून तसाच. बायकोची वाट बघतो."

"असं? आणि बायको कुठं असते?"

"ती कसली थांबतेय! दुसरं लग्न करून शहरात गेली."

"बरं केलं," काकू म्हणाल्या.

"काय बोलता! आणि तो बिचारा?"

"त्याला काय धाड भरलीय? त्याचं वय वाढत नाही."

त्या बाईने पिशवी आवरून जागा बदलली.

धबधब्याच्या उद्यानात पाणी पडत होतं. काकूंनी ते बघितलं. मग देवदारांच्या दाट, दमट सावलीतून वरच्या बागेपर्यंत दम खात चढल्या. वर आखीव वाफे, बाकं आणि बागेच्या टोकाला नाणं टाकून बघायची दुर्बीण. तिथून सगळं तळं एका नजरेत येत होतं. इतकं शांत, की त्यात कोणी असेल असं वाटू नये. त्यांना आपली खिडकीही दिसली, बंद, काडेपेटीएवढी.

बोट सुटली होती. काकूंनी नाणं टाकलं.

आजवर ही फेरी त्यांनी फक्त ऐकली होती. इथं वर आवाज पोचत नव्हता, नुसतं दिसत होतं. बोट कड्याखाली आली, मंदावली, थांबली. सगळी माणसं एकदम डावीकडे गेली. बोट त्या बाजूला कलली, खाली बघायला वाकल्यासारखी. त्याच वेळी सुकाणूच्या केबिनचं दार उघडलं आणि त्यांचा मुलगा बाहेर आला. तो उजवीकडच्या कठड्याशी गेला. तिथं दुसरं कोणी नव्हतं. दोन्ही हातांनी कठडा धरून, सगळ्यांकडे पाठ करून, मान खाली घालून तो उभा राहिला. लोक बघतात त्या बाजूला त्याने बघितलं नाही. मग सरळ झाला, आत गेला. भोंग्याची वाफ दिसली.

खट्ट झालं आणि दुर्बीण काळी पडली.

काकू बाकावर बसून राहिल्या. पुढच्या फेरीला परत नाणं टाकलं. तेच. तीच पाठ. कित्येक वर्षं, प्रत्येक फेरीला, बापाच्या बरोबर डोक्यावर इंजिन बंद करायचं काम त्यांच्या पोराचं होतं. आणि एकदा त्यांनी विचारलं होतं, कसं वाटतं रे तिथं, तर तो म्हणाला होता, काय वाटायचं, ड्यूटी आहे. या उत्तरावर त्या समाधान मानून बसल्या होत्या. म्हातारी दिसू की तरुण, याची चिंता करत!

त्या खाली आल्या त्या थेट पाणबुड्यांच्या तंबूकडे गेल्या.

"आणा त्याला वर," म्हणाल्या. "आणि आमच्या बोटीवर आणा. दुसऱ्या कुणाच्या नाही."

ज्या दिवशी आणायचं ठरलं त्या दिवशी बोटीवर पाहुणे नव्हते. काकूंनी बोटीत चढायच्या फळीवर पाय ठेवला तेव्हा मुलाने हात पुढे केला. एरवी त्यांनी तो झिडकारला असता. भावोजी आले होते, माइक न घेता. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

कड्याखाली ऊन येत नाही. पाणी हलत नव्हतं. यंत्राचा दोरखंड वर येत राहिला, येत राहिला, आणि त्याच्याबरोबर खालचा गारठा. डेकवर सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघायला लागली. पाणबुड्यांनी काहीतरी ताडपत्रीत घेऊन हळूच फळ्यांवर ठेवलं. चारी बाजूंनी पाणी निथळलं. प्रमुखाने काकूंकडे बघितलं आणि बाजूला झाला.

मुलगा पुढे झाला. थांबला. मग गुडघे टेकून ताडपत्रीचं टोक उचललं. खूप वेळ बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "हा तर पोरगा आहे गं."

काकू जवळ गेल्या. चेहरा साबणासारखा पांढरा, डोळे मिटलेले. त्यांच्या आठवणीतल्यापेक्षा किती लहान! तेव्हा त्यांना कळलं, की आपल्या नकळत मनातल्या मनात तोही थोडा थोडा वाढत आला होता, त्यांच्या सोबतीने. हा नव्हता वाढला. एवढ्याशा पोराला एवढ्या थंडीत, एवढी वर्षं कोणी एकट्याला ठेवतं का?

त्यांनी रुमाल काढला आणि त्याच्या कानामागचा गाळ पुसला. मग दुसऱ्या कानामागचा. असं पुसायची सवय होतीच त्यांना. लहानपणी ज्याचे कान पुसायच्या, तो मुलगा आता शेजारी गुडघे टेकून बसला होता.

"निघायचं?" मुलाने विचारलं.

"निघ. पण सावकाश ने. याला बोट लागते."

मुलगा उठता उठता थबकला. "कोणाला?"

"याला. पहिल्यापासून. इंजिन दुरुस्त करायचा आणि चाचणीला दुसऱ्याला पाठवायचा. मळमळायचं याला. आल्याचा तुकडा खिशात ठेवायचा आणि विचारलं की सांगायचा, खोकला झालाय."

"हे मला कधी बोलला नाहीत, वहिनी," भावोजी म्हणाले.

"तुम्हाला बोलले असते तर स्पीकरवर गेलं असतं."

मुलगा उठला. तो केबिनमध्ये गेला. इंजिन सुरू झालं, पण नेहमीसारखं दणक्यात नाही. बोट इतकी हळू वळली, की मागे पाण्यावर रेघसुद्धा उठली नाही. काकू फळ्यांवर मांडी घालून बसल्या, एक हात त्याच्या ओल्या केसांवर ठेवून. केबिनचं दार मुलाने उघडंच ठेवलं होतं. थोड्या वेळाने आतून त्याने विचारलं, "आणि आई, होडी आणायला मग ते स्वतः का गेले?"

"बाकी सगळे जेवायला बसले होते," काकू म्हणाल्या. "कोणाला उठवायला लाजायचा रे तो. फार लाजायचा."

आणि धक्का येईपर्यंत त्या सांगत राहिल्या.