व्हर्नाच्या जिवावरचं घर

तळ्याकाठचं ते लाकडी घर व्हर्नाच्या जिवावर उभं होतं, अगदी खरंखुरं. सरकार डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान वाढवत होतं तेव्हा तिच्या नवऱ्याने, ऑर्विलने, जमीन विकली ती एका अटीवर: दोघांपैकी एक जिवंत असेपर्यंत घर त्यांचं, नंतर ते पाडायचं. ऑर्विल गेला. उरली व्हर्ना, वय ब्याऐंशी, आणि तिची पोरं एकाएकी मायाळू झाली.

दर जुलैत मुलगा ड्वेन आणि मुलगी लोरीन बिऱ्हाड घेऊन हजर! सकाळी उठल्या उठल्या आईचं ब्लड प्रेशर बघायचं. बेकन बंद, कॉफी पाणचट. नातवंडं हिमनदीपर्यंत चढून यायची, तळ्यात डुंबायची, आणि म्हातारी आपली ओसरीवर शाल पांघरून. तरी तिला बरं वाटे. एकट्या माणसाला "गोळी घे" म्हणणारंही कोणी लागतंच की.

त्या वर्षी तिने हट्ट धरला. "मला एकदा हिमनदी बघायचीय. आम्ही दोघं जायचो तेव्हा बर्फ पार वरच्या तळ्याला टेकायचा. आता किती उरलाय ते बघते."

"वेड लागलंय का आई? केवढी चढण आहे ती!" लोरीन म्हणाली.

"हळूहळू जाईन. मेले तर मेले."

"मेले तर मेले काय!" ड्वेन ओरडला. "घर जाईल ना आपलं!"

लोरीननेही मान डोलावली. आई जाईल, असं मात्र दोघांपैकी एकही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती उद्यानाच्या रेंजरच्या कचेरीत गेली आणि जिवंतपणीच घरावरचा हक्क सोडून आली. पोरांनी आकांडतांडव केलं.

"आमचं बालपण विकलंस तू!" ड्वेन म्हणाला.

"विकलं तुझ्या बापाने. मी नुसतं देऊन टाकलं."

आता बघू, माझ्यासाठी कोण येतं ते, असं तिने मनाशी म्हटलं. तोऱ्यातच म्हटलं.

पुढच्या जुलैत, खालच्या गावातल्या दोन खोल्यांत, तिने हकलबेरीचा मुरंबा केला, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकल्या आणि वाट बघितली. महिना सरत आला तेव्हा मान खाली घालून फोन लावला.

"लोरीन, कधी निघताय गं?"

"कुठे?"

"इकडे. माझ्याकडे."

"आई, आता तिकडे आहे काय?"

"मी आहे की."

"हो, ते आहेच," लोरीन म्हणाली. "नाताळात बघू."