नवाचा ताळा

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर होते. वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात तेवढा हलायचा. काही कळतंय की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून भेटायला येणारे त्यांच्या उशाशी बसूनच तेराव्याचं बोलू लागले. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. यांना ऐकू येतंय का, एवढंच मला कळायला हवं होतं.

आम्ही दोघं शिरोळकडच्या एकाच शाळेतले. मी चौथीला सोडली, पण गुरुजींनी नवाचा ताळा पक्का करून घेतला होता. आकडा केवढाही मोठा असो, त्यातले अंक मिळवायचे. आलेल्या बेरजेतले पुन्हा मिळवायचे, एकच उरेपर्यंत. नऊ उरले तर टाकून द्यायचे, शून्य धरायचं. आकड्याला नवानं भागलं की जी बाकी राहते तीच ही. मालकांना तो नादच होता. पुढं ट्रक दिसला की ते पाटीवरच्या नंबराचा ताळा करायचे.

सलाईनच्या बाटलीवर आठ अंकी नंबर होता. मी एकेक अंक सावकाश सांगितला. चार, शून्य, सात, दोन, पाच, तीन, एक, नऊ.

"ताळा किती? बोटं दावा."

बऱ्याच वेळानं डाव्या हाताची चार बोटं उठली. बेरीज एकतीस, तीन नि एक चार. बरोबर होतं.

नणंद जोतिबाचा गुलाल घेऊन आली होती. "वैनी, आजाऱ्याची बोटं हलत्यातच की. थांब, म्या सांगती." तिनं तोच नंबर वाचला, पण मुद्दाम दोन-पाचाचं पाच-दोन केलं. पुन्हा चार बोटं.

"बघ! म्या आकडा बदलला तरी चारच. काय बी कळत न्हाय दादाला."

"अगं, अंक हिकडचं तिकडं केलं म्हणून बेरीज बदलती व्हय?"

"तू आन् तुजी बेरीज," म्हणत तिनं भावाच्या कपाळाला गुलाल लावला.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली लावली. नणंदेसमोरच मी विचारलं. पाच, आठ, दोन, एक, चार, सहा, तीन, सात. मालक माझ्याकडे बघत होते. एकही बोट उठलं नाही.

"झालं समाधान?" नणंद म्हणाली.

आदल्या दिवशी मी ताळा आधी करून, एका हाताच्या बोटांत मावतोय ना ते बघूनच विचारलं होतं. त्या दिवशी नव्हता केला. आता केला. छत्तीस. तीन नि सहा नऊ.

"बरोबर हाय त्यांचं. शून्य."

"व्हय, शून्यच की."

मी दुसरा आकडा सांगायच्या आत सिस्टर आली. तिनं नाडी बघितली आणि आम्हाला बाहेर काढलं. परत आत बोलावलं तेव्हा तोंडावर चादर होती.

डावा हात बाहेरच राहिला होता. बोटं अर्धवट वळलेली. मूठ म्हणावी तर मूठ नाही, उघडा म्हणावा तर उघडा नाही. शून्य कसं दाखवायचं ते आमचं ठरलंच नव्हतं.