चेहरा दिसू दे

सोनमदीदीचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या सदर बाजारात होते. हॉर्नच्या गोंगाटात काही ऐकू येईना, म्हणून एका कापडाच्या दुकानात शिरले. "लामाजी नहीं रहे," ती म्हणाली. सकाळी प्रार्थनेला बसले, ते उठलेच नाहीत... माझ्या डोळ्यांत पाणीही आलं नाही. मनात एकच आलं : आता त्यांच्या बहिणीला कळवायचं कसं? आणि ती... ती सुखरूप आहे का?

तेनपा लामाजी मूळचे तिबेटचे. तरुणपणी तिबेटच्या स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या म्हणून तुरुंगात गेले, सुटल्यावर बर्फाची खिंड ओलांडून भारतात आले आणि शेवटी आमच्या छत्तीसगडातल्या मैनपाटच्या तिबेटी वस्तीत स्थिरावले. तुरुंगातल्या थंडीनं फुप्फुसं कायमची अधू झाली होती. तपासणीसाठी रायपूरला आले की तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या घरीच उतरायचे. मी त्यांच्यावर माहितीपट करत होते. ओळख करून दिली होती सोनमदीदीनं. ती मैनपाटचीच, हिवाळ्यात रायपूरला स्वेटर विकायला येते. लामाजी हिंदी मोडकंतोडकं बोलायचे, तिबेटी मला तीच उलगडून सांगायची.

माहितीपटात मी त्यांचा चेहरा धूसर ठेवला होता, कारण धाकटी बहीण अजून तिबेटातच होती. आमच्या पुढच्या खोलीत त्यांनी माहितीपट शांतपणे पाहिला आणि विचारलं, "ये कौन है?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "जेल में नाम ले लिया, नंबर दिया. अब चेहरा भी गया?"

आईला राहवलं नाही. "पण लामाजी, तुमच्या बहिणीले काही झालं तं?"

लामाजींचं बहिणीशी फोनवर क्वचित बोलणं व्हायचं, तेही हवामानाचं आणि जनावरांचं. कोण ऐकत असेल याचा नेम नव्हता. काही दिवसांनी तिचा फोन लागला तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, चार लोकांत बसायचंय, तोंड झाकून बसू की उघडं ठेवू? तिचं उत्तर सोनमदीदीनं मला सांगितलं : इकडे ऊन पडलंय. उन्हात तोंड कोण झाकतं?

लामाजी हसले. मी माहितीपटातला चेहरा मोकळा केला.

नव्या रायपुरातल्या एका छोट्या सभागृहात माहितीपट दाखवला. लामाजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यानंतर बहिणीचा फोन लागेनासा झाला... आठवडे गेले. तपासण्या चालू होत्या म्हणून ते आमच्याकडेच राहिले होते. ते रोज फोन लावायचे, ध्वनिमुद्रित आवाजातली बाई काहीतरी बोलायची, ते ऐकून फोन मांडीवर ठेवायचे. ताट तसंच राहायचं. "काहून जेवून नाही राहिले?" आई विचारायची. "हव, माताजी, खाऊँगा," म्हणायचे आणि घास हातातच राहायचा. मी म्हटलं, चेहरा पुन्हा झाकते, माहितीपट जिथे पाठवलाय तिथून परत मागवते. त्यांनी मान हलवली. एका दुपारी मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, "वो सिर्फ मौसम की बात तो नहीं कर रही थी?"

तोच प्रश्न घेऊन ते मैनपाटला गेले, आणि तिथेच...

गेल्या आठवड्यात सोनमदीदी घरी आली. लामाजींचा फोन आता तिच्याकडे असतो. चहा घेताना तो वाजला. दीदीनं नंबर पाहिला आणि कप खाली ठेवला. लामाजींची बहीण होती. इतके दिवस फोन का बंद होता, ते तिनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दीदीनं हळूच बातमी सांगितली. फोन कटला की काय, असं वाटून मी दीदीचा हात धरला.

मग बहिणीनं काहीतरी विचारलं. दीदी माझ्याकडे वळली. "पूछ रही है, उस दिन मुँह खुला रखा था न?"

म्हणजे त्यांच्या प्रश्नाचा अर्थ तिला तेव्हाच समजला होता.

"हो," मी म्हटलं. "सांग, उघडंच होतं."

"और पूछती है, आखिर में कैसे दिखते थे?" तिनं त्यांना पाहिलं होतं ते तरुणपणी. मी सांगू लागले. कपाळावरच्या आठ्या, गालाची वर आलेली हाडं, पांढऱ्या झालेल्या भुवया. दीदी एकेक गोष्ट तिबेटीत सांगत होती.

आई दारातून म्हणाली, "हसले का डोळे मिटून जात, ते सांग न तिले."

दीदीनं सांगितलं, ऐकलं आणि रडत आमच्याकडे पाहिलं.

"बोल रही है, पिताजी के भी ऐसे ही बंद होते थे."