मुदखेडची जॅझ गायिका

कोल्हापूरहून निघताना नवऱ्याने विचारलं, "जॅझ ऐकायला लोक मुंबईला जातात. तू लातूरला कुठे निघालीस?"

"गाणारी तिथे आहे म्हणून," मी म्हटलं आणि बॅग उचलली.

चार वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका हॉटेलात मी प्रज्ञा वाघमारेला पहिल्यांदा ऐकलं. जुन्या हॉलिवूडच्या नाचाच्या चित्रपटांत नायक-नायिका बोलता बोलता गाऊ लागतात आणि गाता गाता बुटांच्या टाचांनी ताल धरतात. त्यांतली विसरली गेलेली गाणी ती शोधून काढायची आणि अशी गायची, जणू कालच कुणी तिच्यासाठी लिहिली आहेत. कार्यक्रमानंतर मी जाऊन भेटले, ओळख झाली, ओळखीची मैत्री झाली. मग तिच्या थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली आणि ती मुदखेडला आईकडे परतली. वर्षभर गाण्याचा विषय निघाला की ती फोन आवरता घ्यायची. गेल्या डिसेंबरात अचानक तिचा निरोप आला : "ताई, लातूरला कार्यक्रम करून राहिले. याल का?"

कार्यक्रमाआधी दोन दिवस तिच्या घरी राहायचं ठरलं होतं. नांदेड स्टेशनवर ती स्वतः गाडी घेऊन आली होती. गळ्याभोवती सुती ओढणी, आणि आवाज मात्र घोगरा, सर्दी झाल्यासारखा. "घाबरू नका, बोलताना असाच येतो," ती हसून म्हणाली. गाताना कसा येतो, हे मी विचारलं नाही.

मुदखेडला तिचं घर रेल्वेलाइनच्या अगदी जवळ आहे. मालगाडी गेली की फडताळातली भांडी वाजतात. तिच्या आईने, कांताबाईंनी, "जयभीम, ताई" म्हणत दारातच पाण्याचा तांब्या हातात दिला. जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड) घातलेली आमटी होती. पहिल्या घासाला माझ्या कोल्हापुरी जिभेलाही पाणी मागावं लागलं.

ही गाणी मुदखेडला आली कशी, हे मला जेवताना कळलं. प्रज्ञाचे वडील रेल्वेत गार्ड होते.

"ह्यांची ड्यूटी सिकंदराबादेकडं लागायची," कांताबाई सांगू लागल्या. "तिथं सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी शिनेमे बघायचे. बोलणं कळायचं न्हाई, पण घरी आले की तेच रेल्वेचे बूट घालून, चाल गुणगुणत नाचून दाखवायचे. मी म्हणायची, अवो, फरशी फुटंल! तर ही पोरगी टाळ्या वाजवून राहायची."

सिकंदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी आणलेल्या तबकड्या अजून कपाटात आहेत. वडील जाऊन आठ वर्षं झाली. त्या संध्याकाळी प्रज्ञाने त्यांतली एक लावली, पण स्वतः तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळकोटला निघालो. तिला साथ करणारे रज्जाकचाचा तिथे राहतात. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा माणूस. मुंबईतले वादक इथवर येईनात, तेव्हा तिने एका वरातीत यांना ऐकलं आणि वरातीबरोबर चालत जाऊन त्यांचा पत्ता घेतला. कंधार सोडल्यावर रस्ता चढ-उतारांचा होतो. काळ्या रानात तूर वाळत उभी होती, मधूनच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. प्रज्ञा बोलत होती, पण लक्ष कुठे तरी दुसरीकडेच. एका फाट्यावर ती चुकीच्या रस्त्याला वळली आणि वीस किलोमीटर पुढे गेल्यावर एका मेंढपाळाने आम्हाला परत फिरवलं. जळकोटला पोचायला दीड तास उशीर झाला.

"बेटी, वरात निघून गेली असती," चाचांनी दारातच सुनावलं. मग आधी चहा, मग सराव.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्यात वरचा एक लांब सूर होता. मुंबईत त्याच सुराला माणसं ग्लास खाली ठेवायची. प्रज्ञा तिथवर चढली आणि आवाज फुटला. पुन्हा गायली, पुन्हा फुटला. तिसऱ्या वेळी नुसती हवाच आली. तिने वही मिटून पिशवीत घातली.

"ताई, न्हाई जमत. लातूरला फोन करते. रद्द करू."

चाचांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि ओठ वर करून तिला आपल्या पुढच्या हिरड्या दाखवल्या.

"हे बघ. दात गेले तवा माझे बी वरचे सूर गेले. मी खालून वाजवायला लागलो. कुणाचं लगीन थांबलं का?"

प्रज्ञा हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. चाचा थांबले नाहीत. त्यांनी तीच चाल दोन पट्ट्या खाली उतरवून वाजवायला घेतली, हळू, एखाद्याची समजूत काढावी तशी. बऱ्याच वेळाने तिने वही बाहेर काढली. खालच्या पट्टीत ते गाणं ओळखू येईना. पूर्वी ते खिदळायचं. आता ते सगळं पाहून आलेल्या बाईने हसून सांगावं तसं वाटत होतं. मला ते जास्त आवडलं.

लातूरचा कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता. सभागृह अर्धंच भरलेलं. मुदखेडहून कांताबाई पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. प्रत्येक गाण्याआधी प्रज्ञा मराठीत गोष्ट सांगायची : "ह्या गाण्यात त्याचं तिच्यावर लई प्रेम हाय, पण सांगता येईना. म्हणून तो नाचून राहिला." लोक हसायचे, मग गप्प होऊन ऐकायचे. कीबोर्डवर तिथल्याच कॉलेजातले एक प्राध्यापक होते. चाचांनी इस्त्रीचा कोट घातला होता.

शेवटच्या गाण्यात ती रंगली. इतकी, की सवयीने जुन्या वरच्या सुराकडे झेपावली. आवाज फाटला आणि थांबला. वाद्यंही थांबली.

ती घोटभर पाणी प्यायली आणि माईकजवळ आली. "हा सूर आता माझ्यापाशी न्हाई," ती म्हणाली. "ऑपरेशनमध्ये गेला. ही ओळ मी खालून पुन्हा गाते. ऐकाल ना?"

"गा, बाई!" मागून कुणी तरी म्हणालं.

ती गायली. टाचेने हलकाच ताल धरून, डोळे उघडे ठेवून, समोर बघत. मी मुंबईत तिला अनेकदा ऐकलं आहे, पण इतकी मोठी गायिका म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टाळ्या संपेनात.

खाली उतरल्यावर ती आईसमोर जाऊन उभी राहिली. कांताबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"आधी तू लई उंच गायचीस, मला कळायचंच न्हाई कोणतं गाणं हाय," त्या म्हणाल्या. "आज कळलं. तुझा बाप असंच गायचा. खालून."

प्रज्ञा तिथेच खुर्चीवर बसली आणि आईच्या कमरेला तिने मिठी मारली. चाचा पाठ फिरवून क्लॅरिनेट पुसत राहिले.

दुपारी तिने मला बसस्टँडवर सोडलं. आवाज परत येईल की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत. तिने मात्र सगळी वही खालच्या पट्टीत पुन्हा लिहायला काढली आहे, आणि नांदेडचा कार्यक्रम ठरतो आहे.

गाडी बार्शीच्या पुढे आली, तेव्हा शेजारच्या बाईंनी कुठून आलात, कशासाठी गेला होतात, असं सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बी गाता का?"

तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात गायचे. पन्नाशीत आवाज जाड झाला आणि मी थांबले. बारा वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे : हल्ली वेळच मिळत नाही. ते ओठांवर आलंही होतं.

"गाते," मी म्हटलं. "आवाज जरा उतरलाय."