नॉर्बर्ट स्टुप्काचा स्वतःचा आवाज

नॉर्बर्ट स्टुप्काला मतं आहेत, हे आम्हाला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कळलं. त्याआधी कित्येक वर्षं तो आमच्या सरकारी ट्राउट माशांच्या पैदास केंद्रात हौद घासत होता, आणि 'आज गार आहे' यापलीकडे त्याने कशावर भूमिका घेतल्याचं कोणाला आठवत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात गार सगळ्यांनाच वाजायचं, त्यामुळे तेही धाडसात मोडत नव्हतं.

तोवर रिवाज असा होता की सरकारी नोकर कामगार संघटनेचा सभासद नसला तरी त्याच्या पगारातून संघटनेची फी कापली जायची. कारण पगाराची बोलणी ती सगळ्यांसाठी करायची. २०१८च्या उन्हाळ्यात कोर्टाने ते बंद केलं. सरकारशी जे बोलायचं ते राजकारणच, आणि न पटणाऱ्या राजकारणासाठी पैसे काढून घेणं म्हणजे माणसाच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबणं, असा तो मुद्दा. टाकाऊ मुळीच नव्हता. आमच्या संघटनेचे जिल्हाध्यक्ष दर नाताळात स्वतःचा गोल्फ खेळतानाचा फोटो छापलेलं कॅलेंडर पाठवायचे. ते भिंतीवर टांगताना मलासुद्धा भाषणस्वातंत्र्य आठवायचं. पण चांगल्या मुद्द्यालाही माणूस चांगला मिळावा लागतो. याला नॉर्बर्ट मिळाला.

फी थांबवायचा अर्ज त्याने पहिल्याच आठवड्यात दिला आणि लगेच आमच्या प्रतिनिधीला, म्हणजे फे हॉस्टेटलरला, हौदावर गाठलं.

"फे, आजपासून मी तुमचा कोणी नाही हं."

"आधी तरी कोण होतास बाबा?" फे खाद्याची बादली न ठेवताच म्हणाली. "एका मीटिंगला आला नाहीस. बरं, कायदा काय म्हणतो ठाऊक आहे ना? तुझ्यावर काही बालंट आलं तर मलाच धावायचंय. फुकट."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझा आवाज माझा आहे."

हे वाक्य त्याचं नव्हतं. राज्याच्या राजधानीतल्या, हॅरिसबर्गमधल्या एका संस्थेच्या वकिलांचं होतं. त्या संस्थेला निकालाचा प्रचार करायला गावोगाव हिंडवता येईल असा एक साधा, राकट, रबरी बूट घालणारा कामगार हवा होता. नॉर्बर्टकडे बूट होते. बाकी सगळं त्यांनी पुरवलं. भाषण त्यांनी लिहिलं, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणाही केल्या. त्याचे आजोबा कोळशाच्या खाणीत होते आणि तिथल्या संपात त्यांनी डोकं फोडून घेतलं होतं. वकिलांनी त्यांना शेतकरी केलं. आजोबांनी हरकत घेतली नाही. ते वारले होते. नातवानेही घेतली नाही, आणि तो मात्र जिवंत होता.

या दौऱ्यांसाठी शनिवारची सुटी लागायची. ती आमचा प्रमुख व्हर्न डीट्झ हसत हसत द्यायचा. संघटनेचा ज्याला कंटाळा तो व्हर्नला आपला वाटायचा.

फेब्रुवारीत मासे मेले. हौदातलं पाणी खाली गेलं की वाजणारा एक भोंगा केंद्रात होता. थंडीत त्याच्या तरंगत्या गोळ्यावर बर्फ धरायचा आणि तो उगाच वाजायचा, आणि वाजला की फोन व्हर्नच्या घरी जायचा. एका शुक्रवारी तो वैतागून लोईस कून्सला म्हणाला, "बंद कर ते कार्टं. माझी जबाबदारी." लोईसने बंद केला. रविवारी पाण्याच्या तोंडाशी बर्फाचा बोळा अडकला. ती एकटी ड्यूटीवर, दुसऱ्या टोकाला माशांच्या अंड्यांचे ट्रे धूत होती. आली तेव्हा वरच्या हौदातले सगळे ट्राउट पोट वर करून होते.

चौकशीत व्हर्न म्हणाला, "मी असं सांगेन? इतकी वर्षं काय झोपा काढल्या मी?"

लोईसची नोकरी जाणार हे दिसत होतं. तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि त्याचा विमा तिच्या नोकरीवर होता. साक्षीदार एकच. त्या शुक्रवारी नॉर्बर्ट खाद्याच्या खोलीत पोत्यांसमोर भाषणाची तालीम करत होता, आणि त्या खोलीची भिंत म्हणजे पत्र्याचा एक पडदा. त्याने सगळं ऐकलं होतं. तसं तो जेवणाच्या सुटीत आमच्यापाशी बोललाही होता, मासे मेले नव्हते तोवर.

चौकशीत लोईसच्या वतीने फेने त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला कोणी बोलायला भाग पाडू शकत नाही."

"भाग कोण पाडतंय? बोल म्हणतेय."

"न बोलण्याचाही हक्क असतो."

"नॉर्बी," लोईस म्हणाली, "तू ऐकलंस रे."

त्याने टोपीकडे पाहिलं. टोपीवर संस्थेचं बोधचिन्ह होतं. बोलायला भाग पडणार नाही इतकं स्वातंत्र्य त्याला कोर्टाने दिलं होतं, आणि उरलेलं, शनिवारच्या सुटीचं, व्हर्नने. आम्ही जे ऐकलं होतं ते ऐकीव म्हणून चौकशीवाल्यांनी घेतलं नाही. लोईसला बिनपगारी घरी बसवलं. एप्रिलअखेरीस बडतर्फीवर सही होणार होती.

एप्रिलमध्ये ट्राउट पकडायचा हंगाम उघडला आणि आमच्या ओढ्यात दरवर्षी केंद्रातून सोडले जाणारे मासेच नव्हते. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या दिवसांतलं मासळीचं जेवण होतं, आणि पाहुणा वक्ता नॉर्बर्ट. ताटं वाढायला नेहमीप्रमाणे लोईस. तिने त्याच्यापुढे तळलेला हॅडॉक मासा आणि कोबीचं सॅलड ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

भाषण छान झालं. शेतकरी आजोबांवर दोघी-तिघींनी डोळे टिपले. माझा आवाज माझा आहे, यावर टाळ्या पडल्या. मग कोणाचे काही प्रश्न, असं झालं आणि ओरिन झूक उठला. हा म्हातारा हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटेपासून ओढ्यात उभा राहतो. त्याची बायको म्हणते लग्नातही इतका वेळेवर आला नव्हता.

"स्वातंत्र्याचं झालं, ते ठीकच आहे," ओरिन म्हणाला. "मासे कुठायत?"

हॉलमध्ये एकदम जीव आला. राज्यघटनेपेक्षा हा विषय कितीतरी जिव्हाळ्याचा होता.

"मी पुलाखाली चार तास उभा होतो, एक नाही लागला!"

"तूच ना रे तिथं कामाला? झोपला होतास का?"

"भोंगा बंद केला म्हणे कोणीतरी. कोणी केला रे, तू?"

नॉर्बर्टने कागद चाळला. पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. वकिलांनी माशांबद्दल काही लिहिलं नव्हतं. ओरिन दोन पावलं पुढे आला. लोईस हातात ताटांची चळत धरून उभी होती.

"मी नाही!" नॉर्बर्ट किंचाळला. "व्हर्नने सांगितलं! व्हर्न लोईसला म्हणाला बंद कर, माझी जबाबदारी! मी खाद्याच्या खोलीतून ऐकलं! माझा काय संबंध!"

हे त्याचं आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र भाषण. श्वासाच्या खुणा नव्हत्या, तरी सगळ्यांना नीट कळलं. शेजाऱ्याची नोकरी वाचवायला ते त्याला सुचलं नव्हतं. म्हातारा अंगावर आला तेव्हा सुचलं. लोईसने चळत खाली ठेवली.

इतक्या साक्षीदारांपुढे बोललेलं मागे घेता येत नाही. चौकशी पुन्हा उघडली, लोईस कामावर परतली. व्हर्नला शिक्षा म्हणून हॅरिसबर्गला मोठ्या खुर्चीत बसवलं. जाता जाता त्याने नॉर्बर्टवर नोटीस काढली: खात्याच्या चौकशीबद्दल परवानगीशिवाय जाहीर वक्तव्य. संस्थेचा फोन त्यानंतर आला नाही.

नॉर्बर्ट नोटीस घेऊन हौदावर आला. "फे, हे बघ काय. माझ्या भाषणस्वातंत्र्याचं काय?"

"वकिलांना विचार की."

"ते म्हणतात हा त्यांचा विषय नाही."

फेने बादली ठेवली. सुनावणीला ती इस्त्रीचा शर्ट घालून गेली. फी भरणाऱ्यांसाठी घालायची, तोच. तिथल्या साहेबांनी नॉर्बर्टला विचारलं, "मिस्टर स्टुप्का, तुम्हाला काय म्हणायचंय?"

तो फेकडे वळला.

"तू सांग ना," तो म्हणाला. "तुला चांगलं बोलता येतं."

आणि ती बोलली.