बारावं बूच

आमच्या गल्लीच्या टोकाला एका बहीणभावाचं गॅरेज आहे. भाऊ इंजिनांचं काम करतो, बहीण नळ्यांचं. ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, साठी ओलांडलेली. सगळे तिला नळीताई म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. ती भावाला गिऱ्हाइकांसमोर बाळ्या म्हणते, आणि त्याला मात्र त्याचं थोडं वाटतं. केस पांढरे झालेला माणूस आहे तो.

नळीताईंचं काम बघत बसण्यासारखं असतं. गाडीच्या पोटाखालून नळी न्यायची असली की त्या आधी नळीला हात लावत नाहीत. एक जाड तार घेतात, गाडीखाली सरकतात आणि नळी जशी जायला हवी तशी ती तार वाकवत नेतात. तार बाहेर आली की तिच्याकडे बघून खरी नळी वाकवतात. कापलेली कड कानशीने घासतात, आतून फडक्याने पुसतात, एका टोकाला अंगठा लावून दुसऱ्या टोकाने फुंकतात. नळी तापणाऱ्या सायलेन्सरच्या जवळ गेलेली त्यांना खपत नाही. कुठे रबर घासत असेल तर बोटाने चाचपून सांगतात, आठ महिन्यांनी इथे भोक पडेल. आणि उघड्या नळीचं तोंड त्या कधीही तसंच सोडत नाहीत. धुळीचा एक कण आत गेला तरी तो शेवटी इंजिनातच जायचा, म्हणून काम चालू असेपर्यंत प्रत्येक तोंडाला त्यांचं एक बूच. अशी बारा बुचं आहेत, त्यांनी स्वतः कापलेली, एका गोळ्यांच्या जुन्या डबीत ठेवलेली. काम संपलं की त्या बुचं मोजतात. बारा भरली की हात धुतात.

माझी लेक नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं बघायचं, अशी नेमणूक तिला मिळाली होती. घरं लांब लांबची, टेकडीवरच्या वस्त्यांतली. अट एकच: स्वतःची गाडी हवी. सोमवारी सकाळी गाडीसह हजर नाही झाली, तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या म्हाताऱ्या गाडीच्या इंजिनाने राम म्हटला.

बाळ्यांनी एका नव्या, पण मागून ठोकर बसलेल्या गाडीचं धडधाकट इंजिन मिळवलं. ते आमच्या गाडीत बसवायचं म्हणजे तीन नळ्या नव्याने टाकायच्या होत्या. एक टाकीतून इंजिनाला पेट्रोल नेणारी, एक उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणारी आणि तिसरी वाफेची. पहिल्या दोघींना ही भावंडं एके काळी जाणारी आणि येणारी म्हणत. पण ताई मागे टाकीपाशी बसणार, भाऊ पुढे इंजिनापाशी. तिची जाणारी ती त्याची येणारी. एकदा दोघांनीही आपापल्या परीने बरोबर जोडलं, गाडी काही केल्या चालेना, आणि घरात दोन दिवस अबोला. तेव्हापासून पहिली ‘पाजणारी’, दुसरी ‘उष्टी’. तिसरीला नाव शोधावं लागलं नाही. ती ‘श्वासाची’.

श्वासाची कशी, हे नळीताईंनी मला नीट समजावून सांगितलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी त्या जागी हवा यायला हवी. उन्हाने आतली वाफ वाढली की तिलाही वाट हवी. आमच्या गाडीत झाकणालाच बारीक भोक होतं. वाफ तिथूनच बाहेर जायची, म्हणून तर मागच्या सीटवर बसलं की माझं डोकं धरायचं. नव्या इंजिनाची रीत वेगळी. त्याला झाकण घट्ट लागतं. वाफ श्वासाच्या नळीने कोळशाच्या एका डब्यात जाते, कोळशात मुरते आणि इंजिन चालू झालं की तिथून ओढली जाऊन जळते. डब्याच्या तळाशी बाहेरची हवा घ्यायला एक तोंड असतं, टाकीला लागणारी हवाही तिथूनच येते. तो डबा त्यांनी मागच्या चाकाच्या वर, आतल्या अंगाला बसवला.

शनिवारी दुपारी काम संपलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि असं चालू लागलं की बोनेटवर ठेवलेला पेला हलला नाही. मी तिथेच स्टुलावर होते. नळीताईंनी डबी उघडली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच.

मग शोधाशोध सुरू झाली. त्या बॅटरी घेऊन गाडीखाली गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा गेल्या. त्यांचा उजवा गुडघा वर्षभर दुखतोय. प्रत्येक वेळी उठताना बंपरला धरून त्या क्षणभर डोळे मिटत होत्या. असा तासभर गेल्यावर बाळ्या आतल्या बाजूने आले आणि म्हणाले की बाकाखाली घरंगळलं होतं, हे घे. ताईंनी बूच डबीत टाकलं, बारा मोजली आणि हात धुतले.

रविवारी सकाळी बाळ्या, लेक आणि मी गाडी पळवून बघायला निघालो. बारा-तेरा किलोमीटर गाडी लोण्यासारखी गेली. मग आचके देऊन थांबली. दहा मिनिटं नुसती उभी ठेवली, तर काही न करता पुन्हा सुरू झाली. पुन्हा थोडं अंतर, पुन्हा आचके. असं चार वेळा थांबत थांबत गॅरेजच्या फाटकातच ती पाचव्यांदा बंद पडली. दुपार होत आली होती आणि सोमवार उद्यावर होता.

बाळ्यांनी पंप तपासला, वायरी तपासल्या. मग घाम पुसत म्हणाले की दोष इंजिनातच दिसतोय, उतरवावं लागेल. म्हणजे निदान तीन दिवस. लेकीने फोन हातात घेतला. त्या पुढच्या बाईला बोलवा, असं तिला आता स्वतःच कळवायचं होतं.

“थांब गं,” नळीताई म्हणाल्या. “आधी टाकीचं झाकण काढ.”

लेकीने झाकण फिरवलं. टाकीने हुश्श करून हवा आत ओढली, आणि खालून पत्र्याचा टण् असा आवाज आला, दबलेला डबा पूर्ववत व्हावा तसा. टाकीचा श्वास कोंडला होता. पेट्रोल बाहेर ओढलं जात होतं आणि त्याच्या जागी हवा येत नव्हती; उभी ठेवली की कुठून तरी थोडी झिरपायची, तेवढ्यावर गाडी पुन्हा चालायची.

नळीताई गाडीखाली गेल्या नाहीत. त्या डबी घेऊन आल्या, बुचं तळहातावर ओतली आणि एकेक उचलून नाकाशी नेलं. आठवं की नववं बूच त्यांनी बराच वेळ हुंगलं. त्याला पेट्रोलचा वासच नव्हता. कडेला कापल्याचा ताजा पांढरा भाग होता.

त्यांनी भावाकडे बघितलं. बाळ्या स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

“तुझा गुडघा बघवेना, ताई,” ते म्हणाले. “म्हटलं, पडलं असेल कुठेतरी. एक कापून दिलं.”

मला वाटलं, आता गॅरेज डोक्यावर घेतील. पण त्यांनी सतरंजी अंथरली, मागच्या चाकापाशी पाठीवर झोपल्या, हात वर घातला आणि कोळशाच्या डब्याच्या तळाच्या तोंडातून बारावं बूच काढून आणलं. धूळ जाऊ नये म्हणून तिथे त्यांनीच लावलेलं, आणि चाकाआड गेल्यामुळे विसरलेलं.

मग उठून, बंपरला धरून, माझ्या लेकीसमोर उभ्या राहिल्या. तिच्याहून तीस वर्षांनी मोठी बाई. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “इंजिनाची नाही, याची नाही.”

बाळ्या म्हणाले, “अगं, बूच मी कापलं ना.”

“कापलंस तू. लावलं कुणी, विसरलं कुणी? मी मोजली, पण ओळखली नाहीत.”

मी धीर द्यायला म्हणून सांगितलं की मी शाळेत शिकवायचे तेव्हा सहलीला एकदा माझ्या वर्गाचीही मुलं बरोबर बेचाळीस भरली होती, आणि त्यातलं एक दुसऱ्या शाळेचं निघालं. त्यावर त्यांनी विचारलं की मग आपलं कुठे होतं. सांगितलं, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी. तेव्हा कुठे त्या हसल्या.

दुपारी पुन्हा निघालो. या खेपेला नळीताई स्वतः पुढे बसल्या, गुडघा अवघडला तरी. पन्नास किलोमीटर झाले, चढ झाले, उतार झाले. दर दहा किलोमीटरला त्या गाडी थांबवून झाकण काढायला लावत आणि कान देत. टाकीने एकदाही हुश्श केलं नाही. परतताना लेक म्हणाली की तिच्या कामातही हेच असतं, आधी श्वास बघायचा. नळीताईंनी मान डोलावली आणि पेशंटच्या खोलीत खिडकी उघडी ठेवतेस ना, असं विचारलं.

सोमवारी लेक वेळेच्या अर्धा तास आधी हजर झाली. त्या दिवशी तिने सहा घरं केली.

मंगळवारी मी आमच्या गाडीत राहून गेलेली त्यांची सतरंजी झाडून परत द्यायला गॅरेजवर गेले, तर नळीताई बाकावर बसून प्रत्येक बुचाला वीतभर लाल दोरा ओवत होत्या. बूच आत असलं तरी दोरा बाहेर लोंबेल, चाकाआडून दिसेल. बाराही बुचांना दोरे ओवून झाले. बाळ्यांनी कापलेलं बूच त्यांनी फेकलं नव्हतं. ते तसंच, बिनदोऱ्याचं, डबीत टाकलं.

“मग आता बारा मोजायची की तेरा?” बाळ्यांनी इंजिनात डोकं घातल्या घातल्या विचारलं.

“बारा मोजायची,” त्या म्हणाल्या. “आणि तेरावं दिसलं की तुला बघायचं, बाळ्या.”